उतरलेली काळी दोन

“दाबा ही पट्टी,” दिनकर सुतार म्हणाले. “दाबा की. पेटी चावत नाही.”

मी पट्टी दाबली. त्यांनी डाव्या हातानं भाता हलवला. स्वर आला, सरळ आणि भरलेला.

“ही काळी दोन. आता हिच्यावरनं केसभर खाली उतरा. तिथं ती वाजते.”

“ती म्हणजे?”

“ती हो. तुमची इमारत.”

इमारत माझी नव्हती. ती राजाभाऊ मगदूम यांची होती, सहा मजली, खाली दुकानं आणि वर दवाखाने. पण मी मगदूमांच्या गाडीतून उतरले होते, त्यामुळे मी सुतारांची चूक दुरुस्त केली नाही.

२०११ सालचा जुलै. गाव दक्षिणेकडचं, नदीकाठचं. नाव लिहीत नाही. मी पुण्यात पारसनीस सरांच्या फर्ममध्ये होते. कॉम्प्युटरवर वारा वाहवणं हे आमचं काम. एखादा पंखा, गाडीचा आरसा किंवा इमारतीची भिंत घ्यायची, तिच्याभोवतीची हवा लाखो लहान घरांत विभागायची आणि प्रत्येक घरात वारा कसा वळतो, दाब किती चढतो-उतरतो, याचं गणित मांडायचं. त्या चढउतारावरून आवाज काढता येतो. वस्तू तयार होण्याआधीच ती किती वाजेल ते सांगता येतं. आमच्या फर्ममध्ये आवाजाचं गणित मी एकटी करत होते.

मगदूमांच्या इमारतीला पश्चिमेच्या अंगानं वरपासून खालपर्यंत ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या लावल्या होत्या. शोभेच्या. वारा सुटला की त्या शिट्टी मारतात, अशी तक्रार मागच्या गल्लीतल्या अकरा घरांनी प्रांताधिकाऱ्यांकडे केली होती. मगदूमांनी त्यांतल्या दहा घरांना सरकत्या काचेच्या खिडक्या बसवून दिल्या. दहा सह्या मागे आल्या. अकरावं घर सुतारांचं. ते हार्मोनियम दुरुस्त करायचे. त्यांना गावात सगळे अण्णा म्हणत.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. चटईवर एक पेटी पोट उघडून ठेवली होती. आतल्या पितळी जिभा ओळीनं दिसत होत्या. अण्णांनी एक जीभ चिमटीत धरून मला दाखवली.

“टोकाशी खरवडली की सूर चढतो. मुळाशी खरवडली की उतरतो. एवढंच शास्त्र. बाकी सगळं कान.”

“मग अडचण काय आहे?”

“सांगतो. दोन स्वर एकावर एक ठेवायचे. जुळले नसतील तर लाटा येतात, वँव वँव वँव. लाटा थांबल्या की जुळलं. आता मधेच हा तिसरा गातो. मी जीभ त्याच्याशीच जुळवून टाकतो आणि मला कळतसुद्धा नाही. वर्षभरात तीन पेट्या परत आल्या. तिन्हींची काळी दोन उतरलेली.” त्यांनी जीभ जागेवर ठेवली. “पन्नास वर्षांत एक पेटी परत आली नव्हती, मॅडम.”

त्यांची मुलगी शैलजा दाराशी उभी होती. शाळेत शिकवायची, माझ्याच वयाची असेल. तक्रार तिच्या अक्षरात होती.

“मला तुम्ही एवढंच ठरवून द्या,” अण्णा म्हणाले. “इमारत वाजत असेल तर वाजू दे. मी बहिणीच्या गावाला जाऊन काम करीन. तिथं रानात घर आहे. पण इमारत वाजत नसेल, तर माझा कान गेलाय. आणि कान गेलेल्या माणसानं लोकांच्या पेट्यांना हात लावू नये.”

“अण्णा, काहीही काय बोलता?” शैलजा म्हणाली.

“काहीही नाही. सरळ हिशेब आहे.” मग ते माझ्याकडे वळले. “तुमच्या त्या कॉम्प्युटरला कान असतात का हो?”

“नसतात. गणित असतं.”

“म्हणजे बहिरा लग्नाला गेला, पंगती मोजून आला, आणि सनई कशी झाली ते सांगतोय!”

ओट्यावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. ती खदाखदा हसली. शैलजाही हसली. मीही हसले.

अकरा चाळीसला अण्णांनी बोट वर केलं. “हा. सुरू झाला बघा.”

मी आवाज मोजायचं यंत्र खिडकीत लावलं होतं. आकडा अडतीस डेसिबल. पडद्यावर कुठलाही स्वर उठून दिसत नव्हता. बाहेर विजेच्या तारेला एक प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती, तीही हलत नव्हती. मी शैलजाकडे पाहिलं. ती खाली चटईकडे बघत होती.

मी वहीत लिहिलं : अकरा चाळीस, वारा शून्य, तक्रारदाराला ऐकू येतो.

निघताना शैलजा गाडीपर्यंत आली.

“आज सकाळपासनं वाराच नाही. दुपारनंतर सुटतो. चारपर्यंत थांबा ना.”

“गाडी तीनला निघायचीय.”

“एक तास फक्त.”

“गाडी मगदूम साहेबांची आहे. माझ्या हातात नाही.”

“मॅडम, मलाही ऐकू येतो. मी काही म्हातारी झालेली नाही.”

“तुमचं लिहून घेतलंय मी,” मी म्हणाले. लिहून घेतलं नव्हतं.

•

पारसनीस सर फार कमी बोलत आणि बोलताना समोरच्याच्या कागदाकडे बघत. मी त्यांच्या टेबलावर इमारतीचे नकाशे पसरले.

“दोन प्रकारे करता येईल,” मी म्हणाले. “एक दिवसाचं गणित किंवा अकरा दिवसांचं.”

फरक त्यांना माहीत होता. इथे सांगायला हवा. एक दिवसाच्या गणितात वाऱ्याची सरासरी निघते. हवा कुठून येते, कुठे वळते, कुठे दाब पडतो, सगळं दिसतं, पण थरथर दिसत नाही. छातीचा भाता वर-खाली होतो त्याची सरासरी काढली तर माणूस श्वासच घेत नाही असं निघेल, तसं. अकरा दिवसांच्या गणितात सेकंदाचे हजारो तुकडे करून प्रत्येक तुकड्याला हवा पुन्हा मोजतात. शिट्टी असली तर ती तिथेच सापडते.

“मगदूमांना अहवाल कधी हवाय?”

“पुढच्या आठवड्यात.”

“मग पहिल्या गणितावर लिही.”

“सर, पहिल्यात शिट्टी निघूच शकत नाही.”

“मग निघाली नाही असं लिही. खोटं आहे का त्यात काही?”

“नाही.”

“झालं तर.”

मी नकाशे गोळा करायला लागले. ते म्हणाले, “दुसरंही लाव.”

“कशाला?”

“आपल्याला माहीत असावं. गिऱ्हाइकाला नसलं तरी चालतं.”

पहिल्या गणिताचा अहवाल अठरा पानांचा झाला. निळ्या-तांबड्या रंगांतली वाऱ्याची चित्रं छान आली होती. शेवटच्या पानावर मी लिहिलं : ‘सदर विश्लेषणात कोणताही ठळक स्वर आढळून आला नाही.’ दुसरं गणित मी मागच्या खोलीतल्या मशीनवर चढवलं आणि दाराला ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली.

सुनावणी ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारी लागली. त्याआधी मी सरांच्या खोलीत गेले.

“सर, सुतारांची मुलगी हुशार आहे. सरासरीवर बोट ठेवेल.”

“ठेवू दे. प्रांतांना कळणार नाही.”

“कळलं तर?”

ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले. “तुझ्या डोक्यात काहीतरी आहे.”

“सुतारांना वारा नसतानाही ऐकू येतो. मी पाहिलंय. त्यांच्याच कानाची परीक्षा घेतली, तर अहवालाकडे कुणी बघणारच नाही.”

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. “त्यांना कशी वाटेल ही कल्पना?”

“आनंद होईल,” मी म्हणाले.

•

प्रांत तरुण होते. त्यांनी अहवाल खरोखर वाचला होता. पानांच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या. मगदूम पहिल्या रांगेत पाय पसरून बसले होते. अण्णांनी पांढरा सदरा आणि टोपी घातली होती. शैलजानं शाळेतून रजा काढली होती.

सरांनी चित्रं दाखवली. शैलजा उठली.

“साहेब, मला एक विचारायचंय. ह्यात वारा सारखा एकाच वेगानं वाहतोय असं धरलंय का? सरासरी?”

“ताई,” सर तिला म्हणाले, “हेच सॉफ्टवेअर वापरून विमानाचे पंख तयार करतात.”

“पंखांचं नाही विचारलं मी. आमच्या गल्लीतल्या झुळकीचं विचारलं.”

प्रांतांनी पेन्सिल उचलली. “प्रश्न बरोबर आहे. उत्तर द्या.”

सर अहवालाची पानं उलटायला लागले. अण्णा उभे राहिले. “साहेब, मी बोलू? मी नुसतं ‘आवाज होतो’ असं म्हटलेलं नाही. मी स्वर सांगितलाय. काळी दोन, केसभर उतरलेली. वारा वाढला की आवाज वाढतो, पण स्वर तोच. खोटं सांगणारा माणूस एवढं कशाला सांगेल?”

तेव्हा मी उभी राहिले.

“साहेब, यांच्या कानावर मला शंका नाही,” मी म्हणाले. “उलट तेच मोजून पाहावं असं मला वाटतं. मी हेडफोन आणलेत. दहा तुकडे आहेत, प्रत्येक अर्ध्या मिनिटाचा. काहींत अण्णा म्हणतात त्या स्वराचा नमुना आहे, काहींत काही नाही. स्वर असला की त्यांनी हात वर करायचा. कोणत्यात काय आहे त्याचा कागद तुमच्याकडे राहील.”

प्रांतांनी अण्णांकडे पाहिलं. “तुमची तयारी आहे? सक्ती नाही.”

अण्णांचा चेहरा उजळला. “कानाची परीक्षा? घ्या की! जन्मभर तेच केलंय.”

“अण्णा, नको,” शैलजा हळूच म्हणाली.

“का नको? एवढे दिवस हेच म्हणत होतो ना, कुणीतरी कान वापरा म्हणून?”

रेकॉर्डच्या खोलीत दारं-खिडक्या लावून घेतल्या. पंखा बंद केला. अण्णा खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. त्यांनी डोळे मिटले. प्रांत माझा कागद घेऊन समोर बसले. मगदूम भिंतीला टेकून उभे होते.

पहिल्या तुकड्यात स्वर होता. दोन सेकंदांत हात वर गेला आणि अण्णा मोठ्यानं हसले.

“हाच! पोरी, अगदी हाच. कुठं सापडला तुला?”

“बोलायचं नाही, अण्णा. फक्त हात.”

“चुकलो. चालू दे.”

दुसऱ्या तुकड्यात काही नव्हतं. अण्णांनी मान थोडी कलती केली. पाच सेकंद, सात सेकंद. मग हात वर आला, सावकाश पण ठाम. तिसऱ्यात काही नव्हतं. हात वर. चौथ्यात स्वर होता. हात वर.

प्रांतांनी कागदावरून नजर उचलली ती पुन्हा खाली नेली नाही. शैलजाला कागद दिसत नव्हता, प्रांतांचा चेहरा दिसत होता. सातव्याला ती म्हणाली, “अण्णा, नीट ऐका. घाई करू नका.”

“तुम्ही बाहेर थांबा,” प्रांत म्हणाले. ती बाहेर गेली.

दहाव्याला हात वर झाला. मी हेडफोन काढले. अण्णांनी डोळे उघडले आणि सगळ्यांकडे बघितलं.

“दहाच्या दहा,” ते म्हणाले. “एक सोडला नाही. होय ना?”

शेवटी प्रांतांनीच सांगितलं. “काका, पाच वेळा काहीच लावलेलं नव्हतं.”

“कुठल्या पाच?”

प्रांतांनी कागद पुढे केला. अण्णांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

“तिसऱ्यात नव्हता?”

“नाही.”

“तिसऱ्यात तर चांगला मोठा होता.”

मगदूम हसले. “अण्णा, आकाशवाणीच्या बातम्या पण लागत असतील की तुमच्या कानात!”

त्यांचा ड्रायव्हर आणि दारातला शिपाईही हसले. प्रांतांनी त्यांना गप्प केलं. अण्णांनी कागदाची घडी घातली, ती उलगडली, आणि पुन्हा वाचायला घेतला. परत देताना त्यांनी विचारलं, “हे मशीन चुकू शकतं का हो?” प्रश्न त्यांनी मला विचारला होता. मी म्हणाले, “हेडफोन नवे आहेत.”

तक्रार त्याच दिवशी निकाली निघाली. शैलजाच्या प्रश्नाचं उत्तर मग कुणी मागितलं नाही.

•

परतताना फर्मच्या गाडीत सर आणि मी दोघंच मागे होतो. गाव मागे पडल्यावर ते म्हणाले, “नमुना छान होता. पेटीवरचा घेतलास का?”

“नाही.”

“मग?”

“दुसरं गणित रविवारी संपलं, सर.”

मी पुढे सांगितलं. त्या पट्ट्या आतून पोकळ होत्या. दोन भाग जोडताना प्रत्येकीच्या अंगाला एक लांब फट राहिली होती. बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातल्यावर बाटली वाजते, तशा सगळ्या पट्ट्या एकदम वाजत होत्या. एका सेकंदाला तीनशे आठ कंपनं. पेटीची काळी दोन तीनशे अकराला असते. मधल्या तीनचा फरक म्हणजे अण्णांचा तो केस. वाऱ्याचा वेग मी तीन वेळा बदलून पाहिला. आवाज वाढला, स्वर तोच राहिला.

इमारतीखाली उभं राहून तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. गणितातल्या दाबाचे आकडे मी ध्वनीत बदलले आणि रविवारी रिकाम्या ऑफिसात हेडफोन लावून ऐकले. गुरुवारी अण्णांना तेच ऐकवलं होतं.

“का?” सरांनी विचारलं.

“पडताळायला. गणित बरोबर आलंय की नाही ते बघायला आपल्याकडे दुसरं काही नव्हतं. आणि त्यांनी ओळखलं. पहिल्याच तुकड्याला.”

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, “हे मगदूमांसमोर बोलू नकोस.” आणि थोड्या वेळानं, “म्हणजे पद्धत चालते आपली.”

“चालते,” मी म्हणाले.

मला त्या वेळी काय वाटलं ते मला नीट आठवतं. त्या माणसाला जे नुसत्या कानानं कळलं होतं, ते कळायला मला चौसष्ट प्रोसेसर आणि अकरा दिवस लागले होते, आणि आता आमची बरोबरी झाली असं मला वाटलं.

पुन्हा तक्रार यायला नको, एवढंच सरांनी सांगितलं आणि दहा दिवसांत मगदूमांनी माझ्या आराखड्याप्रमाणे सगळ्या फटींमध्ये रबराच्या पट्ट्या बसवून घेतल्या. पुढच्या वर्षी चेन्नईच्या परिषदेत मी या कामावर निबंध वाचला. इमारतीचं नाव अर्थातच नव्हतं. ‘गणिताने काढलेला ध्वनी एका अनुभवी श्रोत्याने तत्काळ ओळखला’ असं एक वाक्य त्यात होतं. प्रश्नोत्तरांत एकानं विचारलं, श्रोता एकच का? मी म्हणाले, एकच उपलब्ध होता. लोक हसले आणि नंतर टाळ्याही वाजल्या.

•

सुनावणीनंतर महिन्याभरानं, सप्टेंबरमध्ये, मला पुन्हा त्या गावी जावं लागलं. अण्णा वरच्या कोर्टात जाऊ शकत होते, आणि मगदूमांना ती शक्यता नको होती. ‘तक्रार गैरसमजातून केली होती, ती मी मागे घेत आहे’ अशा मजकुराचा कागद तयार होता. सही हवी होती.

“मगदूमांना ते दारात उभं करणार नाहीत,” सर म्हणाले. “तुझं ऐकतील.”

दार शैलजानं उघडलं. बाहेर जोराचा वारा होता. तिला पदर धरून बोलावं लागत होतं.

“आता काय मोजायचं राहिलं?”

“अण्णांना भेटायचंय.”

“ते रबर लावल्यापासनं आवाज बंद झालाय. सगळ्या गल्लीचं म्हणणं आहे. म्हणजे आधी होता ना?”

“ते कबुतरांसाठी लावलंय.”

“कबुतरं रबराला भितात?”

आतून अण्णांचा आवाज आला. “शैले, त्यांना आत येऊ दे. वाऱ्यात उभं करून भांडू नये.”

खोलीत पेट्या भिंतीकडे सरकवून ठेवल्या होत्या. अण्णांनी मला चटईवर बसायला सांगितलं, चहा टाकायला लावला. मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि बाजूला ठेवला.

“सही करतो. त्याआधी एक विचारायचं होतं. बरं झालं, तुम्हीच आलात.”

“विचारा.”

“हिला आता ऐकू येत नाही. गल्लीत कुणालाच येत नाही म्हणतात. मला येतो. आत्ता पण येतोय, तुमच्याशी बोलताना.” त्यांनी कानामागे बोट टेकवलं. “तर आता कान बिघडलाय, हे मला कळलं. ते मी मान्य केलं. पण आधी काय होतं? आधी इमारत वाजायची आणि मग कान बिघडला, की पहिल्यापासनं कानच? दोन्हीत लई फरक आहे, मॅडम. पहिलं असेल तर कान बसेल हळूहळू. बहिणीकडं जातो, सहा महिने गप बसतो, मग परत जीभ हातात धरून बघतो. दुसरं असेल तर बघण्यासारखं काही राहिलं नाही.”

शैलजा स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

“तिथं कचेरीत सगळे जपून बोलत होते,” अण्णा म्हणाले. “इथं कुणी नाही. तुमच्या गणितात ती इमारत कधी वाजली का? एकदा तरी?”

“नाही,” मी म्हणाले.

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. मी रागाची तयारी करून आले होते.

“ती खोटं बोलतेय, अण्णा,” शैलजा म्हणाली.

“तिला काय मिळणार गं खोटं बोलून? तिचं घर आहे इथं का तिची इमारत आहे?”

शैलजानं कप माझ्यापुढे ठेवला आणि ती पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.

अण्णांनी पेन मागितलं. “कुठं करू?”

मी बोट ठेवलं तिथं त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली. दुसऱ्या पानावरही लागते, असं मी सांगितलं. तिथंही केली. “तुम्ही सरळ सांगितलंत, ते बरं झालं,” ते म्हणाले. “नाहीतर मी आणखी लोकांच्या पेट्या बिघडवत बसलो असतो.”

मी चहा संपवत होते तेवढ्यात दाराशी स्कूटर थांबली. धोतर नेसलेले एक जाडजूड बुवा पुढच्या फळीवरची पेटी दोन्ही हातांनी उचलून आत आले. घामाघूम झाले होते.

“अण्णा, सप्ताह आलाय की हो तोंडावर. मंगळवारी पहिलं भजन. बघा जरा, वरचा सा ओरडतोय. शनिवारी येतो न्यायला.”

“ठेवू नका बुवा,” अण्णा म्हणाले. “खाली ठेवूच नका. काम बंद केलंय मी.”

“बंद? कवापासनं?”

“आजपासनं. कान गेला.”

“चेष्टा करता का गरिबाची? तुमचा कान जातोय व्हय!” बुवा पेटी छातीशी धरून हसले. कुणीच हसत नाही म्हटल्यावर थांबले.

“चेष्टा नाही. ह्या मॅडम पुण्यासनं आल्यात. मोठं मशीन आहे त्यांच्याकडं. सगळं तपासलंय त्यांनी.”

बुवा माझ्याकडे वळले.

“खरं काय हो, बाई?”

शैलजा अजून दारातच होती. अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांना बुवांची खात्री पटायला हवी होती.

“खरं आहे,” मी म्हणाले.

बुवांनी पेटी वर सरकवून धरली. “मग हिला आता कुणाकडं न्यायची?”

अण्णांनी बाजारपेठेतल्या एका दुकानाचं नाव सांगितलं. बुवांनी तोंड वाकडं केलं.

“तो? तो तर जिभा कानशीनं घासतो, अण्णा. तुम्हीच सांगायचा की.”

“घासतो,” अण्णा म्हणाले. “हात जड आहे त्याचा. पण त्याला ऐकू येतं.” आणि ते उठून बुवांना पेटी स्कूटरवर बांधू लागले.